अनुदानाची अट

मराठी शाळेच्या आवारात 'अनुदान' हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितक्या वेळा 'ज्ञान' हा शब्द उच्चारला जात असेल असे मला वाटत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात तो फायलींच्या पाठीवर लिहिलेला असतो. शिक्षकांच्या पगारपत्रकात, संस्थेच्या वार्षिक सभेत तो असतो. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या लग्नाच्या बोलण्यांतही तो हमखास येतो: मुलगा अनुदानित शाळेत आहे की विनाअनुदानित? भाषेच्या अभ्यासकाला अशा शब्दांचे विशेष कुतूहल असते. ज्या शब्दाभोवती समाजाचे सुखदुःख गोळा होते, त्या शब्दाचा परिवार वाढत जातो. अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, वेतन अनुदान, वेतनेतर अनुदान, टप्पा अनुदान ही या परिवारातील काही भावंडे.

या परिवारात आणखी एक शब्द शिरला होता आणि त्याने हजारो शिक्षकांचे आयुष्य अडवून धरले. २००१ नंतर राज्यात नव्या शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदान तत्त्वावर' अशी अट घातली जाऊ लागली. २००९ मध्ये शासनाने त्यातील 'कायम' हा शब्द वगळला आणि मूल्यांकनात पात्र ठरणाऱ्या शाळांना अनुदानाचा मार्ग खुला झाला. तोही वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी. आणि त्या टप्प्यांसाठी शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसत राहिले. 'कायम' हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ उभा असलेला, टिकून असलेला. ज्या शब्दात टिकून राहण्याचा अर्थ आहे, त्याच शब्दाने माणसांना अस्थिर करावे, हा भाषेच्या इतिहासातील लहानसा पण कडू विनोद आहे. एखाद्या शब्दात किती सामर्थ्य असते, हे काव्यशास्त्राच्या ग्रंथांइतकेच शासन निर्णयांतूनही शिकता येते.

ही शब्दचर्चा आजच करण्याचे कारण असे की, आपल्या शाळांच्या दारात आता 'कृत्रिम बुद्धिमत्ता' येऊन उभी आहे आणि तिच्या हातात अनुदानाची थैली आहे. केंद्राच्या योजना आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांत शिक्षण येते. शाळांनी या निधीकडे आणि या यंत्राकडे कसे पाहावे, असा प्रश्न मला अलीकडे अनेक शिक्षक विचारतात. मी भाषाविज्ञानाची प्राध्यापक, अर्थखात्यातली नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला भाषेच्या बाजूनेच सापडते. अनुदानाचे खरे काम त्यातील रकमेपेक्षा त्याला जोडलेली अट करीत असते. रक्कम खर्च होऊन जाते. अट मात्र शाळेच्या सवयींत, शिक्षकाच्या वेळापत्रकात आणि मुलांच्या वाक्यांत मुरते.

पुणे शहराइतका या गोष्टीचा जुना साक्षीदार शोधून सापडणार नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पाठांतर आणि शास्त्राध्ययन ही तिची अट. जन्म ही तिची न बोललेली अट. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, तिला नवे वळण दिले. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्च याच पैशातून चालला. पुढे शतकाच्या मध्यास या निधीचा काही भाग मराठीत पुस्तके लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून देण्याचे ठरले आणि 'दक्षिणा प्राइज कमिटी' हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदले गेले. निधीचे मूळ तेच होते. अट तेवढी बदलली. म्हणून दाखवण्याऐवजी लिहून दाखवा, आणि संस्कृताऐवजी मराठीत लिहा, अशी ती झाली. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी पुस्तके या पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिली किंवा अनुवादिली गेली. तुम्ही आज ज्या गद्याचा अभ्यास करता, त्याच्या घडणीत या बदललेल्या अटीचाही वाटा आहे.

अट चुकली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण त्याच शतकात आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याची पद्धत आणली. १८६२ मध्ये इंग्लंडात असा नियम झाला की, शाळेला मिळणारी रक्कम मुलांच्या परीक्षेवर अवलंबून राहावी. निरीक्षकाने यावे, प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन आणि गणित तपासावे आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशोबाने पैसे द्यावेत. मुंबई इलाख्यानेही १८६० च्या दशकात ही निकालावर पैसे देण्याची पद्धत उचलली. वरवर पाहता यात गैर काय? पैसा सरकारचा, तेव्हा फळ मोजून घ्यावे हे रास्तच दिसते. परंतु जे मोजले जाई तेच शिकवले जाऊ लागले. निरीक्षक ज्या पुस्तकातून वाचायला सांगेल ते पुस्तक मुलांकडून घोकून घ्यावे, म्हणजे डोळे पानावर आणि वाचन मात्र स्मरणातून, असा प्रकार इंग्लंडात सर्रास झाला. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळानिरीक्षक होते आणि त्यांनी या पद्धतीला सातत्याने विरोध केला. शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडने ती सोडून दिली.

पुण्यात या पद्धतीतील दोष ओळखणारा माणूस होता. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये तरी वेतन असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांचे म्हणणे नेमके होते. ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माणच झालेली नाही, त्यांच्यात ही पद्धत चालणार नाही. कारण तेथे आपल्या भरवशावर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. ज्याच्याकडे आधीच काही आहे त्यालाच ही अट आणखी देते, हे फुल्यांनी जाणले होते. त्याच वर्षी आयोगासमोर पुण्यातून आणखी एक साक्ष झाली. न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही आपल्या मेजावर असतो, तेही आयोगापुढे गेले होते. १८८० मध्ये निघालेली त्यांची शाळा तोवर सरकारी अनुदान न घेता चालत होती. अनुदान नाकारण्याचे बळ शहरातील सुशिक्षित वर्गाच्या शाळेला होते. शेतकऱ्याच्या मुलाच्या शाळेला ते नव्हते. म्हणूनच 'अनुदान घ्यावे की नाही' हा प्रश्न सर्वांसाठी सारखा कधीच नसतो. बहुसंख्य शाळांपुढचा प्रश्न 'कोणत्या अटीवर घ्यावे' एवढाच असतो.

इतिहास इतका लांबचा नको असेल, तर सेनापती बापट रस्त्यावरचा एक अध्याय पाहावा. ऐंशीच्या दशकात इन्सॅट उपग्रहाच्या योजनेतून देशातील काही राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्राची संस्था पुण्यात निघाली आणि 'बालचित्रवाणी' या नावाने घराघरांत पोहोचली. त्या काळी शाळेत दूरचित्रवाणी संच असणे हीच अपूर्वाई होती. मराठीत, मराठी मुलांसाठी, मराठी शिक्षक आणि कलावंतांनी केलेले ते कार्यक्रम पाहून मोठी झालेली एक पिढी आज पालक आहे. कदाचित तुम्हीही त्यांतले एक असाल. संस्थेचा आधार केंद्राचे अनुदान हा होता. पुढे ते थांबले. राज्याने तो भार पूर्णपणे उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये संस्था बंद करण्याचा निर्णय झाला. तंत्र जुने झाले म्हणून संस्था गेली, असे सांगणे सोपे आहे. परंतु तंत्र बदलले तरी मराठी मुलांना मराठीत विषय समजावून सांगण्याचे कौशल्य जुने होत नाही. उपग्रहासाठी जमलेली ती माणसे पुढच्या प्रत्येक तंत्राला उपयोगी पडली असती. अनुदान यंत्राला जोडलेले होते. यंत्राचा काळ संपला तेव्हा माणसांचाही आधार गेला.

आता आजच्या यंत्राकडे येऊ. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा उल्लेख आहे. नीती आयोगाच्या 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. त्यांपैकी निम्मी रक्कम साधनांच्या उभारणीसाठी आणि निम्मी पाच वर्षांच्या संचालनासाठी. त्याच्या शेजारी 'समग्र शिक्षा' योजनेतील वार्षिक शाळा अनुदान ठेवून पाहावे. ते पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाख रुपयांपर्यंत असते आणि त्यात वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, खडू-फळा सारे भागवायचे असते. दोन्ही रकमा आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. पण ज्या शाळेत वीजबिलाची ओढाताण आहे, तिथे येणारे यंत्र विजेवर चालणारे आहे, एवढी साधी गोष्ट प्रस्ताव लिहिताना विसरली जाते.

गेल्या वर्षी पेठांमधल्या एका जुन्या मराठी माध्यमाच्या शाळेने मला एका बैठकीला बोलावले होते. एका कंपनीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेसाठी प्रस्ताव पाठवायचा होता. मसुदा कोणा सल्लागाराने इंग्रजीत तयार करून दिलेला होता आणि मुख्याध्यापिका तो मोठ्याने वाचून दाखवत होत्या. शाळेचे नाव वगळले असते, तर तो मसुदा देशातील कोणत्याही शाळेचा म्हणून चालला असता. वाचन संपल्यावर निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या मराठीच्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, सगळं ठीक आहे. पण खोलीची किल्ली कोणाकडे राहणार?"

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. याच शाळेत पूर्वी एका योजनेतून संगणक आले होते. करार पाच वर्षांचा होता. करार संपला, कंत्राटी संगणक शिक्षक गेले आणि यंत्रे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली राहिली. काही बिघडले तर भरपाई आपल्याकडून मागतील, या भीतीने किल्ली घ्यायला कोणी तयार होईना. किल्लीचा प्रश्न हा खरे तर तीन प्रश्नांचा मिळून झालेला प्रश्न होता: आठवड्यातील कोणते तास या कामाला मिळणार, ते तास कोण घेणार आणि त्या शिक्षकाच्या अंगावरचे दुसरे कोणते काम कमी होणार? मसुद्यात यांतील एकाचेही उत्तर नव्हते.

त्या दुपारी आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर मराठीत एक वाक्य लिहायचे ठरवले: आमच्या शाळेतील मुलांना नेमके काय येत नाही? हे वाक्य लिहायला दीड तास लागला. कोणी म्हणाले, आत्मविश्वास कमी आहे. कोणी म्हणाले, इंग्रजी कच्चे आहे. अखेर पाचवीच्या वर्गशिक्षिकेने वही उघडली आणि सांगितले की, पाचवी-सहावीच्या वर्गांत अडतीस मुले अशी आहेत, ज्यांना अनोळखी परिच्छेद सलग वाचता येत नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील कामासाठी शहरात आलेले, घरची बोली वेगळी. त्या मुलांनी वाचलेले ऐकून घ्यायला वर्गात कोणाला वेळ नाही. मग प्रस्तावाला आकार आला. मुलाचे प्रकट वाचन ऐकणारे, अडखळलेला शब्द नोंदवणारे आणि शिक्षिकेला दिवसाअखेर ती नोंद देणारे साधन हवे. आणि त्या नोंदीवर काम करायला शिक्षिकेचे आठवड्याला सहा तास मोकळे हवेत. प्रस्ताव गेल्यावर कंपनीने विचारले, लाभार्थींची संख्या इतकी कमी का? मुख्याध्यापिकांनी कळवले, "वाचता न येणारी मुले एवढीच आहेत, ती वाढवणे आमचे काम नव्हे." निधी मिळाला, मागितल्याहून कमी मिळाला. पण किल्ली कोणाकडे राहील हे आधी ठरलेले होते.

येथे माझ्या विषयातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा संबंध थेट खर्चाशी आणि मुलांशी आहे. या यंत्रांचे मराठी त्यांच्या इंग्रजीइतके पक्के नाही. त्याला कारणे आहेत. यंत्राला भाषा येते ती तिला पुरवलेल्या मजकुरातून, आणि संगणकावर उपलब्ध असलेला मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत फार थोडा आहे. शिवाय संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वसाधारण पद्धतीत रोमन अक्षराला एक एकक लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे. म्हणजे बारा एकके. इंग्रजीतील त्याच अर्थाच्या सहा अक्षरी शब्दाला सहा. अनेक यंत्रे मराठी शब्दाचे अधिक तुकडे पाडतात आणि वापराचे शुल्क बहुधा तुकड्यांवर असते. शिवाय आपले व्याकरण! 'शाळेतल्यांनाही' या एका शब्दात सामान्यरूप, विभक्ती, विशेषण, अनेकवचन आणि अव्यय असा सारा संसार आहे. उच्चाराचे म्हणाल तर 'जग' हे दुनिया या अर्थी वेगळे उच्चारले जाते आणि 'तू जग' या आज्ञेत वेगळे. लिपीत मात्र दोन्ही सारखेच. मराठी मूल हा भेद आईच्या मांडीवर शिकते. यंत्राला तो कोणीतरी शिकवावा लागतो.

याहून सूक्ष्म धोका दुसरा आहे. एका शिक्षिकेने मला सातवीतील एका मुलाची वही दाखवली. पावसावरच्या निबंधात त्याने लिहिले होते, "आवंदा पावसानं लई तरास दिला, आज्जी म्हणली बियानं वाया गेलं." तोच मजकूर त्याने मोठ्या भावाच्या भ्रमणध्वनीवर यंत्राला सुधारायला दिला, तेव्हा उत्तर आले, "यावर्षी अनियमित पर्जन्यमानामुळे शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाले आहे." दुसरे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. त्यात चूक एवढीच की, त्यातून आजी नाहीशी झाली. मुलाने जे पाहिले होते ते गेले आणि जे वृत्तपत्रात असते ते आले. प्रमाण मराठी त्याने शिकायलाच हवी. 'आवंदा'कडून 'यंदा'कडे जाण्याचा रस्ता मात्र त्याने स्वतः चालायला हवा. तो रस्ता चालणे म्हणजेच भाषाशिक्षण. आता कल्पना करा की, अनुदानाच्या प्रगती अहवालात 'निबंधलेखनात सुधारणा' असा रकाना आहे. यंत्राचे वाक्य त्या रकान्यात उत्तम गुण मिळवील. निरीक्षकापुढे पाठ म्हणणारे एकोणिसाव्या शतकातले मूल आणि यंत्राचे वाक्य वहीत उतरवणारे आजचे मूल यांत फारसा फरक उरणार नाही. रकाना भरेल आणि मूल रिकामे राहील.

मी यंत्राची विरोधक नाही. भाषाविज्ञानाने यंत्राचा हात फार पूर्वी धरला. वाचता न येणाऱ्याला लेख ऐकवणे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक मोकळे करून देणे, दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाला सरावाचे पन्नास प्रश्न क्षणात काढून देणे, ही कामे यंत्र करीत असेल तर त्याचे स्वागतच आहे. २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेला 'भाषिणी' उपक्रम भारतीय भाषांसाठी अशीच साधने उभी करू पाहतो. परंतु यंत्राला लागणारी भाषा माणसेच घडवतात आणि त्याला वेळ लागतो. पुण्यातील डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालू आहे; त्यासाठी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटी आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीत असे काम उभे राहत नाही. मराठीच्या बोलींचे, मुलांच्या वाचनाचे आणि शिक्षकांच्या प्रश्नांचे असे संचित आपल्याला हवे असेल, तर त्यासाठीचे अनुदान दीर्घ श्वासाचे असले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला, याचा आनंद आपण साजरा केला. त्या दर्जाचा उपयोग जुन्या ग्रंथांपुरता न ठेवता पाचवीतल्या अडतीस मुलांपर्यंत नेता आला, तर तो आनंद सार्थ होईल.

मग शाळांनी काय करावे? निधीची जाहिरात वाचण्याआधी आपली गरज लिहून काढावी, आणि ती मराठीत, पालकांना समजेल अशा वाक्यात लिहावी. साधनाच्या किमतीशेजारी पाचव्या वर्षीचा खर्च लिहावा: वीज, दुरुस्ती, जोडणी, वापराचे शुल्क. शिक्षकाचा वेळ हा खर्चच आहे असे मानून त्याची तरतूद मागावी. मुलांची माहिती कोठे जाते, हे लेखी विचारावे. कारण २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. युनेस्कोने त्याच वर्षी सुचवले की, वर्गात अशा संवादी यंत्रांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान वय तेरा असावे. तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत यंत्र शिक्षकाच्या हातात असावे हे बरे. एकट्या शाळेला हे पेलत नसेल, तर शेजारच्या चार शाळांनी मिळून एकच साधन आणि एकच जाणता शिक्षक मागावा. आणि यश मोजायचे ते यंत्र किती तास चालले यावरून नव्हे. कोणत्या मुलाला काल येत नव्हते ते आज यंत्राविना येते, यावरून मोजावे. ही कसोटी प्रस्तावात शाळेनेच लिहून दिली, तर देणाऱ्यालाही ती नाकारणे कठीण जाते. अट नेहमी देणाऱ्यानेच घालावी असे कोठे आहे? घेणाऱ्यानेही ती घालता येते.

या शेवटच्या वाक्याला कायद्याचा आधार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि शासनाच्या योजना व अनुदान यांचा आधार तो आराखडा असावा, असे त्याच कायद्याचे बाविसावे कलम सांगते. म्हणजे आधी आराखडा, मागून पैसा. 'अनु' या उपसर्गाचा अर्थच मुळी मागून येणारे, अनुसरून येणारे असा आहे. अनुगमन, अनुवाद, अनुस्वार या साऱ्यांत तो आहे. अनुदान म्हणजे शाळेच्या विचाराला अनुसरून येणारे दान, असा अर्थ मी लावते. आपल्याकडे बहुधा उलटे होते. दान पुढे चालते आणि विचार त्याच्या मागून धावतो.

तुम्ही दिवसभर नोकरी, शेती किंवा घर सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडता. तुमच्यापैकी अनेकांची मुले शाळेत आहेत, काही जण स्वतः शिकवतात. कधी ना कधी तुमच्यापैकी कोणी त्या समितीच्या बैठकीत सतरंजीवर बसलेले असेल आणि समोर एक चकचकीत प्रस्ताव ठेवलेला असेल. त्यातील प्रत्येक शब्द समजलाच पाहिजे असे नाही. न समजलेला शब्द मराठीत सांगा, असे म्हणण्याचा अधिकार मात्र तुम्हाला आहे. आणि मराठीच्या पदवीचा अभ्यास करणाऱ्याने तो वापरायचा नाही, तर कोणी वापरायचा? त्यानंतर विचारावे की, ज्या मुलाला आज वाचता येत नाही त्याला यातून काय मिळणार, आणि खोलीची किल्ली कोणाकडे राहणार.